स्टारड्यू व्हॅली आणि फार्मिंग सिम्युलेटर २२: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फार्मिंग सिम्युलेटर २२ मध्ये कापूस लिटरवर मोजतात. गहू, मका, सोयाबीन, सगळंच लिटरवर. क्विंटल नाही, मण नाही, खंडीचं तर नावच नाही. जळगाव-धुळ्याकडच्या माणसाला हे लिटर पचायला पंधरा दिवस लागतात, आणि तोवर दुसरी एक गोष्ट ध्यानात येते: या गेममध्ये पीक हे ट्रॉलीत भरायचा माल आहे, त्यापलीकडे फारसं काही नाही.

आठ महिन्यांत नेमाने खेळले ते दोन गेम: जायंट्स सॉफ्टवेअर या स्विस कंपनीचा २०२१ चा फार्मिंग सिम्युलेटर २२ आणि एरिक बॅरोन या एकट्या माणसाने बनवलेला २०१६ चा स्टारड्यू व्हॅली. पहिला दिसायला हुबेहूब, टायरवरची नक्षीसुद्धा खरी. दुसरा ठिपक्याठिपक्यांच्या चित्रांचा, लहान पोरांचा वाटावा असा. शेती मात्र दुसऱ्यात जास्त आहे. पहिल्यात आहेत ती अवजारं.

अवजारांचं काम पहिल्यात चोख आहे, हे आधी कबूल. उत्पन्नाचं गणितही सरळ आहे. काहीच न करता जेवढं पीक येतं ते शंभर धरा. त्यावर खताचे ४५ टक्के (दोन मात्रांत), तण काढल्याचे २०, नांगरटीचे १५, चुन्याचे १५, आणि मल्चिंग (धसकटं बारीक करून रानात पसरणं) व रोलर फिरवल्याचे अडीच-अडीच. सगळं केलं की उत्पन्न बरोबर दुप्पट. त्यामुळे सुरुवातीला पैसा कमी असताना मल्चर आणि रोलर घेऊन बसू नका, पाच टक्क्यांसाठी दोन अवजारं आणि शेतात दोन जादा फेऱ्या होतात. आधी खत, मग तण. नवखे हमखास चुकतात ते खताच्या दुसऱ्या मात्रेला: दोन्ही मात्रा एकाच दिवशी लागोपाठ टाकल्या तर दुसरी मोजली जात नाही. पहिली पेरणीआधी किंवा पेरतानाच, दुसरी पीक पुढच्या अवस्थेत गेल्यावर. पहिल्या मात्रेऐवजी तेलमुळा पेरून गाडला तरी चालतो. आपल्याकडे ताग किंवा धैंचा गाडतात तोच प्रकार.

चुन्याचं प्रकरण मात्र आपल्याकडच्या माणसाला हसू आणणारं. दर तीन पिकांनंतर गेम जमिनीत चुना मागतो. युरोपातल्या आम्लधर्मी जमिनींना तो लागतोच. तापीकाठची काळी जमीन मुळातच चुनखडीची, तिचा सामू (पीएच) आठच्या आसपास. तिथे चुना टाकायला निघालेल्या माणसाला गावात लोक वेड्यात काढतील. प्रिसिजन फार्मिंग ही जोडणी फुकट मिळते, ती जरूर टाका. तिच्यात मातीचे चार प्रकार येतात आणि नमुने घेऊन नत्र व सामू बघता येतो. काळी कपाशीची जमीन त्या चारांत नाही. सिल्टी क्ले, म्हणजे गाळाची चिकणमाती, त्यातल्या त्यात जवळची.

आता कपाशी. गेममध्ये पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, काढणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. पेरायला साधं पेरणी यंत्र चालत नाही, ओळीत टोकणारा प्लँटरच लागतो. दुकानात अवजाराखाली पिकांची चिन्हं दिसतात, ती बघूनच घ्या. काढणीला एक अजस्र यंत्र शेतातून एकदाच फिरतं आणि रान मोकळं. आपल्याकडे दसरा-दिवाळीपासून तीन-चार वेचण्या होतात, पहिल्या वेचणीचा कापूस आणि फरदडीचा (हंगामानंतरही राखलेल्या पिकाचा) कापूस यांचा भाव वेगळा. गेममध्ये सगळा कापूस एकाच प्रतीचा. गुलाबी बोंडअळी नाही, मावा नाही, तुडतुडा नाही. तण आहे, पण त्याला फवारणीची एक फेरी पुरते.

काढणीचं हे यंत्र विकत घेऊ नका. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूत सगळं भांडवल अडकतं आणि कर्जाचं व्याज मागे लागतं. दुकानात भाड्याने घ्यायची सोय आहे, दोन दिवसांसाठी घ्या, काम उरकून परत करा. त्याहून बरं, आधी दुसऱ्यांच्या शेतातली ठेक्याची कामं घ्या. त्यात अवजारं मालकाचीच वापरायला मिळतात, आणि यंत्र कसं वळतं, गठ्ठा कुठे टाकतं याचा सराव फुकटात होतो. गठ्ठे साध्या ट्रॉलीत चढत नाहीत, त्यांची वेगळी गाडी लागते. हे नेमकं काढणीच्या दिवशी कळलं तर सगळा माल शेतात पडून.

कापूस पुढे सूतगिरणीत जातो, तिथून कापड, मग शिंप्याच्या कारखान्यात कपडे. मधलं जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं, गायब आहे! धरणगाव-चोपड्याकडच्या माणसाला हे सगळ्यात जास्त खटकेल. एक क्विंटल कापसातून रुई निघते ३४-३५ किलो, बाकी बहुतेक सरकी. सरकीचं तेल, ढेप, जनावरांचं खाणं, हा अर्धा धंदा गेमला माहीतच नाही. १७० किलोची गाठही नाही. पऱ्हाटीचं (कपाशीच्या वाळल्या झाडांचं) काय करायचं हा प्रश्न तर मल्चर फिरवला की अडीच टक्क्यांत मिटतो.

बाजार मात्र चांगला जमलाय. भाव महिन्यागणिक हलतात, भावाच्या पानावर आलेख दिसतो, आणि एकाच ठिकाणी जास्त माल ओतला की तिथला भाव उतरतो. म्हणून कोठार असेल तर माल दाबून ठेवा आणि दोन-तीन ठिकाणी वाटून विका. हमीभाव नाही. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाला ७,५२१ रुपये क्विंटल हमीभाव होता, पण त्या भावाने माल प्रत्यक्षात जाण्याआधी ओलावा बघतात, रांग लागते, आणि घाई असलेला खेडा खरेदीवाल्याला देऊन मोकळा होतो. एवढं नाट्य गेममध्ये यावं अशी अपेक्षा नाही.

बटणांचा क्रम एकदा हातात बसवा: क्यू ने अवजार जोडायचं, एक्स ने उघडायचं, व्ही ने खाली टेकवायचं, बी ने चालू करायचं. नवख्यांची निम्मी रडकथा ‘बी’ विसरल्याची असते. प्लँटर जमिनीला टेकलेला, ट्रॅक्टर पळतोय, आणि मागे बियाणं पडतच नाही. शेवटच्या ओळीला मागे वळून बघितलं की कळतं. एच दाबला की सालदार मिळतो. तो सरळ ओळीत उत्तम काम करतो, पण शेत तिरकं असेल तर कोपरे सोडतो आणि बांधावरच्या झाडाला किंवा खांबाला अडकून बसतो. आडव्या चौकोनी शेतात लावा, कडेच्या दोन-तीन फेऱ्या आधी स्वतः मारून घ्या. बी, खत, डिझेल त्यानेच विकत घ्यावं अशी सेटिंग आहे. ती चालू असली तर दुप्पट पैसे जातात की काय अशी शंका येते, पण वेळ वाचतो.

आणि पाणी? पेरणीला, वाढीला, बोंड भरायला पाणी लागतच नाही. पाऊस आला की धान्याची कापणी थांबते, एवढाच त्याचा संबंध. विहीर नाही, मोटार नाही, रात्रीच्या लाइटची वाट बघणं नाही. गिरणा धरणाचं आवर्तन (कालव्याचं पाणी) सुटलं की नाही यावर ज्या मुलखात वर्ष ठरतं, तिथल्या खेळाडूला ही शेती फार लवकर सोपी वाटू लागते. तीन-चार महिन्यांनी उरतो तो वाहनं जमवण्याचा छंद. तोही वाईट नाही.

स्टारड्यूत पहिल्या दिवसापासून पाणीच आहे. अंगात ताकद २७०, एका चौकटीला पाणी घालायला २ जातात, झारी भरते ४० चौकटींपुरती. म्हणजे दुसरं कुठलंही काम न करता दिवसाला १३५ चौकटी, आणि मग अंथरूण. वर दिवस लहान: गेममधली दहा मिनिटं म्हणजे आपले सात सेकंद, सकाळी सहा ते रात्री दोन हा सगळा दिवस साधारण १४ मिनिटांत संपतो. पहिल्या आठवड्यात चाळीसच्या वर चौकटी पेरू नका. जास्त पेरलं की पाणी घालण्यातच दिवस जातो आणि खाणीत जायला वेळ उरत नाही. खाणीत गेलं नाही तर तांबं-लोखंड नाही, आणि तांबं-लोखंड नाही तर तुषार सिंचन नाही.

तुषारचे तीन प्रकार. पहिला चारच चौकटी भिजवतो, त्यावर धातू वाया घालवू नका. खरा कामाचा दुसरा: शेतीची पातळी ६ झाली की लोखंड, सोनं आणि शुद्ध क्वार्ट्झचा एकेक नग देऊन बनतो आणि भोवतालच्या आठ चौकटी भिजवतो. तीन बाय तीनचे वाफे पाडा, मधोमध तो ठेवा, वाफ्यांच्या रांगांत बुजगावण्याला जागा सोडा (त्याचा पल्ला आठ चौकटींचा). तिसरा २४ भिजवतो, पण पातळी ९ आणि इरिडियम हा दुर्मिळ धातू लागतो, तोवर दुसरं वर्ष उजाडतं. ठिबकच्या मुलखातल्या लोकांना हा हिशेब शिकवावा लागत नाही.

ऋतू २८ दिवसांचा, आणि तो बदलला की शेतातलं जुनं पीक एका रात्रीत मरतं. म्हणून पेरण्याआधी बोटं मोजायची. फ्लॉवरला १२ दिवस, म्हणजे वसंताच्या १६ तारखेनंतर लावला तर बी गेलं. स्ट्रॉबेरीचं बी १३ तारखेच्या जत्रेतच मिळतं, १०० ला एक. त्याच संध्याकाळी लावलं तर २१ आणि २५ ला दोन तोडे, म्हणजे एका बियाचे २४०. दुसऱ्या दिवसावर ढकललं तरी दोन निघतात, पण चार-पाच दिवस गेले की एकच. उन्हाळ्यात ब्लूबेरीच्या पुढे काही नाही: ८० चं बी, पहिल्या दिवशी लावलं तर १४, १८, २२, २६ असे चार तोडे, प्रत्येकी तीन फळं, ५० चा भाव. ८० चे ६००.

खोट इथेही आहे. पाणी चुकलं तर पीक मरत नाही, नुसतं त्या दिवशी वाढत नाही. आणि भाव कधीच पडत नाही, विक्रीच्या पेटीत हजार वांगी टाका, तोच दर. वांगी शरदात येतात, पाच दिवसांत पहिला तोडा, नंतर दर पाच दिवसांनी. त्यांचं गेममध्ये होतं काय, तर एक इटालियन पदार्थ आणि एक बर्गर. भरीत नाही. केळी आहे, पण बेटावर, ड्रॅगनचे पाच दात देऊन मिळणारं ‘झाड’. २८ दिवसांत वाढतं आणि मग वर्षभर रोज एक केळं. घड नाही, फणी नाही. मृगबाग-कांदेबाग आणि पिलबाग हे केळीचे हंगाम-प्रकार माहीत असलेल्या रावेर-यावलच्या माणसाने ते रोप लावायचं की नाही, त्याने ठरवावं.

आता संगणकाबद्दल. स्टारड्यूला २ जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही चालतो. फार्मिंगला किमान ८ जीबी आणि ३५ जीबी जागा लागते, आणि खरा त्रास एप्रिल-मेमध्ये होतो. बाहेर ४४-४५ अंश असताना लॅपटॉपचा प्रोसेसर ९५ च्या पुढे जातो, स्वतःच वेग पाडतो आणि ट्रॅक्टर झटके खात चालतो. लोक याचा दोष गेमला देतात. उपाय क्रमाने: ग्राफिक्स कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमधून फ्रेमचा वेग ४५ वर बांधा, विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करा, त्याने टर्बो बंद होतो आणि तापमान चांगलंच उतरतं, गेममध्ये सावल्या आणि झाडोऱ्याचं अंतर एकेक पायरी खाली आणा. तरी भागलं नाही तर पंख्यातली धूळ काढून घ्या, कापसाच्या हंगामात तिच्यात तंतूही सापडतात. डेझर्ट कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर सोडू नका, दमट हवा आत ओढली जाते.

लाइट जाण्याचा फटका स्टारड्यूला जास्त बसतो, कारण संगणकावर तो फक्त झोपल्यावरच सेव्ह होतो. दुपारी चारला लाइट गेली की सकाळपासूनचं सगळं पुन्हा. मोबाइलवरच्या आवृत्तीत ही अडचण नाही. डेस्कटॉप असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या आणि मागचा खटका यूपीएसवर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बदली व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात संगणक बंद पडतो. फार्मिंगमध्ये आपोआप सेव्हची वेळ सगळ्यात कमी ठेवा. त्यातही सेव्ह चालू असतानाच लाइट गेली तर फाइल बिघडते, म्हणून डॉक्युमेंट्समधल्या माय गेम्स फोल्डरातलं ‘सेव्हगेम१’ आठवड्यातून एकदा पेन ड्राइव्हवर उचलून ठेवा. स्टारड्यूचं फोल्डर अ‍ॅपडेटात सापडतं.

फार्मिंग सिम्युलेटर २५ नोव्हेंबर २०२४ ला आला. त्यात भात आला, आणि भाताचं खाचर पाण्याने भरावं लागतं. गारपीटही आली, तीही पिकाला मार देते. नवापूरकडच्यांना त्यात ओळखीचं काही सापडेल. कपाशीला अजून पाणी लागत नाही.