हॅवलॉकचं स्नॉर्केलिंग : त्रेसष्ट वर्षांच्या सासूबाईंसकट आम्ही सगळे पाण्यात उतरलो, त्याचा रिव्ह्यू

अंदमानहून सोलापुरात परत येऊन आठवडा झाला आणि नणंदेपासून सोसायटीतल्या बायकांपर्यंत सगळ्यांचा एकच प्रश्न, ते स्नॉर्केलिंग, म्हणजे मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखाली बघायचं, कसं होतं, भीती नाही का वाटली, आमच्या पोरांना जमेल का. प्रत्येकीला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते, लांब होईल पण जाणाऱ्यांच्या कामाचं आहे.

आम्ही पाच जण होतो, मी, आमचे हे, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. ह्यांना सोडून कुणालाच पोहता येत नाही. पाण्याचा आणि आमचा संबंध म्हणजे सिद्धेश्वर तलाव काठावरनं बघायचा आणि नळाला चार दिवसांनी पाणी आलं की पिंपं भरून घ्यायची. समुद्र सासूबाईंनी आयुष्यात एकदाच, गणपतीपुळ्याला बघितलेला, तोही पाय भिजवण्यापुरता.

सोलापूरहून रेल्वेनं चेन्नई, तिथून विमानानं पोर्ट ब्लेअर (आता नाव श्री विजयपुरम झालंय पण टॅक्सीवाले सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात), मग बोटीनं दीड-दोन तास हॅवलॉक, म्हणजे 2018 पासूनचं स्वराज द्वीप. बोटीत बसायच्या अर्धा तास आधी उलटीची गोळी घ्याच, आमच्या मुलीनं नको म्हणून हट्ट केला आणि दोन तास पिशवी धरून बसली बिचारी.

आता मुख्य गोष्ट. हॅवलॉकला बहुतेक लोक स्नॉर्केलिंग करतात ते एलिफंट बीचला. जेट्टीवरनं स्पीडबोटीनं वीसेक मिनिटं लागतात, जंगलातनं चालतही जाता येतं पण वाट चिखलाची आहे, वयस्कर माणूस बरोबर असेल तर बोटच बरी. बोटीच्या तिकिटात स्नॉर्केलिंग फ्री असं सांगतात. आम्ही पहिल्या दिवशी तेच घेतलं आणि मला मनापासून वाईट वाटलं. नाताळची सुट्टी, किनाऱ्यावर जत्रेसारखी गर्दी, आधीच्या माणसाच्या तोंडातली नळी बादलीत बुचकळून लगेच पुढच्याच्या तोंडात. काही शिकवलं नाही, रबरी रिंग धरा आणि डोकं खाली घाला, एवढंच. मुलाचा मास्क मोठा, बाजूनं पाणी शिरलं, त्याच्या नाकातोंडात खारं पाणी गेलं, तो रडायला लागला तरी आम्हाला नेणारा माणूस रिंग ओढतच होता कारण पुढचं गिऱ्हाईक उभं होतं. दहा मिनिटांत सगळं आटपलं. आणि सगळ्यात जास्त मला काय लागलं असेल तर तो माणूस दम खायला सरळ कोरलवर, म्हणजे प्रवाळावर, उभा राहिला. अहो ते दगड नाहीत, जिवंत प्राणी आहेत, गोल दगडासारखे दिसणारे जे कोरल असतात ते वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे टोपलीएवढा कोरल आपल्या आजोबांच्या वयाचा असू शकतो आणि त्याच्यावर हा पाय देऊन उभा. पहिल्या दिवसाला माझ्याकडनं पाचपैकी एक, तो पण समुद्राला.

मुलगा म्हणाला आता मी परत जाणार नाही. पण एवढ्या लांब येऊन पोरगं पाण्याची भीती घेऊन घरी जाणार हे मला काही पटेना. राहिलो होतो तिथल्या काकूंना सांगितलं, त्यांनी ओळखीतला एक गाइड बघून दिला, वेगळे पैसे देऊन, फक्त आमच्या पाच जणांसाठी, तासभर. खर्च वाढतो, पण दुसरीकडं कुठंतरी कमी करा आणि हा करा असं मी स्पष्ट सांगीन.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बोटीनं निघालो. तिकडं डिसेंबरात पाच-सव्वापाचला सूर्य बुडतो, आपल्याकडं सहाला, अंदमान इतकं पूर्वेला आहे की घड्याळ आपलंच पण दिवस तासभर आधी सुरू होऊन आधी संपतो. त्यामुळं आठला पोचलो तरी ऊन चांगलं वर आलेलं, पाण्यात लख्ख दिसत होतं आणि गर्दी अजून यायची होती.

हा गाइड पंचविशीतला बंगाली मुलगा, पोरांचा लगेच दादा झाला. त्यानं पहिली वीस मिनिटं आम्हाला खोल पाण्यात नेलंच नाही. कमरेएवढ्या पाण्यात उभं करून नुसता श्वास शिकवला. मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकानं हलकं आत ओढायचं, हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो मापाचा. केसाची एक बट जरी आत राहिली तरी पाणी शिरतं. ह्यांची मिशी भरघोस, तिच्यामुळं पाणी येत होतं, तर त्यानं मिशीवर व्हॅसलीन लावलं, बरंच थांबलं. नळीत पाणी आलं तर जोरात "तू" म्हणून फुंकायचं. काचेला आतनं बेबी शाम्पूचा थेंब चोळला म्हणजे वाफ धरत नाही. चष्मा मास्कच्या आत बसत नाही, माझा नंबर मोठा, तर त्यानं आदल्या रात्री विचारून नंबरचा मास्क आणून ठेवला होता. हे आधी विचारून घ्या, नाहीतर पैसे भरून नुसता निळा धुरकट रंग बघून याल.

एक गंमतीची गोष्ट म्हणजे पोहता येणाऱ्या ह्यांनाच सगळ्यात जड गेलं. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेले, मान वर काढून तोंडानं श्वास घ्यायची सवय, आणि इथं तोंड पाण्यात ठेवूनच श्वास घ्यायचा. सासूबाईंना असली काही सवयच नव्हती. पंजाबी ड्रेसवर लाइफ जॅकेट घातलेलं, दादानं हात धरला आणि म्हणाला, "माँ, मुँह से साँस, बस, और कुछ नहीं।" त्यांनी तेवढंच केलं. मी शेजारीच होते, पहिल्यांदा त्यांचा हात घट्ट आवळलेला, मग एकेक बोट सैल होत गेलं.

खाली काय होतं ते सांगायला माझ्याकडं शब्द कमी आहेत. हरणाच्या शिंगासारखे फाटे फुटलेले कोरल, मेंदूसारख्या वळ्यांचे गोल कोरल, पिवळेधमक फुलपाखरी मासे, काळ्या पट्ट्यांचा एक थवा तर आमच्याच अंगाभोवती फिरत होता. पाण्यात सगळं खऱ्यापेक्षा मोठं आणि जवळ दिसतं, मुलगा सारखा हात पुढं करायचा आणि मासा त्याच्या बोटाच्या कितीतरी पुढं असायचा. आणि आवाज! मला वाटलेलं पाण्याखाली शांत असेल, पण सतत बारीक तडतड चालू असते, त्यात मधूनच कुर्रकुर्र. ती तडतड बारक्या कोळंब्यांची आणि कुर्रकुर्र पोपटमासा कोरल खरवडतो त्याची, दादानं वर आल्यावर सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "अगं, कोणतरी कडक भाकरी चावतंय असंच वाटलं मला." अगदी तसाच आवाज आहे. तो मासा कोरलचा दगड चावून पोटात दळतो आणि मागनं पांढरी वाळू टाकतो, तिथल्या किनाऱ्यावरची बरीच वाळू अशीच झालेली, हे ऐकून पोरं दिवसभर वाळूच हातात घेऊन बघत होती.

मुलाला दादानं शेवटी एकट्यालाच नेलं, आदल्या दिवशीचं सगळं ऐकून घेतलं होतं त्यानं. हात सोडायचा की नाही हे मुलावर सोपवलं. मुलानं आपण होऊन सोडला. मी काठावर उभी राहून बघत होते, डोळ्यात पाणी आलं माझ्या.

सगळंच छान आहे असंही नाही. बऱ्याच ठिकाणी कोरल मेलेले, राखाडी, तुकडे पडलेले दिसतात. 2010 साली तिथं समुद्र तापून मोठ्या प्रमाणावर कोरल पांढरे पडले होते, पाणी फार गरम झालं की कोरल आपल्या पेशीतली शेवाळं बाहेर टाकतात, त्यांचं खाणंही त्या शेवाळावरच आणि रंगही त्याचाच, मग उपाशी मरतात. चव्वेचाळीस डिग्रीत राहणाऱ्या आपल्या गावाला तापणं काय असतं ते वेगळं सांगायला नको. म्हणून लाथा मारू नका, उभं राहू नका, आणि ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेलं सनस्क्रीन लावून पाण्यात जाऊ नका, त्यानंही कोरलला इजा होते. त्यापेक्षा फुल बाह्यांचा स्विमिंगचा टीशर्ट आणि लेगिंग घाला, पाठही भाजत नाही आणि आपल्याकडच्या बायकांना अवघडल्यासारखंही होत नाही. तीन-चार जणी नुसत्या कपड्याच्या संकोचानं काठावर बसलेल्या बघितल्या मी, फार जीव तुटला.

मुलानं एक मेलेला कोरलचा तुकडा खिशात घातला होता, दादानं तो परत पाण्यात ठेवायला लावला. 1972 च्या वन्यजीव कायद्यात कोरलला वाघाच्याच यादीत संरक्षण आहे, आणि विमानतळावर सामान तपासताना सापडला तर जप्त होऊन वर गुन्हा.

जायचं तर नोव्हेंबर ते एप्रिल, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. जेवून लगेच पाण्यात जाऊ नका, आम्ही शेंगाचटणी आणि दशम्या नेल्या होत्या त्या बाहेर आल्यावर खाल्ल्या, खाऱ्या तोंडाला काय लागल्या म्हणून सांगू. टॉवेल आपले घरचेच न्या, सोलापूरचे, भाड्याचे पातळ आणि ओले असतात.

दुसऱ्या दिवसाला पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क कापला तो कपडे बदलायच्या खोल्यांसाठी, गर्दी वाढली तशी लांब रांग लागली आणि दाराची कडी नीट लागत नव्हती, मी आणि मुलगी आळीपाळीनं बाहेरनं दार धरून उभ्या राहिलो.