एका उन्हाळ्याची इंटर्नशिप : आधी बसायचं, मग कागद काढायचा

संस्थेचं नाव लिहीत नाही. त्यांचीच विनंती आहे, कारण नाव गाजलं की ज्या घरांत ते जातात त्या घरांकडे शेजारी बोट दाखवतात. सोलापुरातल्या कॅथलिक प्रापंचिकांची छोटी संस्था, एवढं पुरे. प्रापंचिक म्हणजे फादर-सिस्टर नव्हेत, घरदार आणि नोकरी सांभाळणारी माणसं. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, शाळेत शिकवणाऱ्या एक मॅडम, एक नर्स, अशी सात-आठ जणं. पगार कुणालाच नाही. फादर अधूनमधून येतात, पण कुणाला काय मदत करायची हे ही मंडळीच ठरवतात.

एम.ए.च्या पहिल्या वर्षानंतर चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग असतं, १२० तासांचं. माझं मे-जूनमध्ये इथे झालं.

मी सोलापूरच्या पूर्व भागातली, तेलुगू वस्तीतली. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आजी आयुष्यभर विड्या वळत होती, त्यामुळे तेंदूपत्त्याचा आणि तंबाखूचा वास मला नवा नाही. तरी पहिल्याच दिवशी मी चुकले. बत्तीस प्रश्नांचा सर्व्हे मोबाईलवर तयार करून नेला होता. काका म्हणाले, "बाळा, मोबाईल पिशवीत ठेव. आधी बसायचं. कागद पुढच्या भेटीत." त्यांची रीत अशी : घरी कायम दोघांनी जायचं, एकट्याने कधीच नाही. फोटो काढायचा नाही. त्या घरात ऐकलेलं बैठकीबाहेर बोलायचं नाही. आणि जायच्या आधी त्या गल्लीत पाण्याचा दिवस कधी ते विचारायचं. आपल्याकडे चार-पाच दिवसांआड नळ येतो. त्या वेळी दारात पाहुणा उभा राहिला तर बाईने हंडा भरायचा की पाणी विचारायचं? एवढी साधी गोष्ट मला वर्षभराच्या अभ्यासात कुणी शिकवली नव्हती.

विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, एका अम्मांकडे मी सहा वेळा गेले. त्यांनी तीसेक वर्षं विड्या वळल्या. हजार विड्या म्हणजे अख्खा दिवस : पत्ता भिजवायचा, कातरीने कापायचा, तंबाखू भरून वळायचा, दोऱ्याने बांधायचा. पीएफ कापला जायचा, म्हणजे वयाच्या अठ्ठावन्न वर्षांनंतर पेन्शन मिळायला हवी. ती अडकली होती. कारण काय, तर कारखान्याच्या रजिस्टरात नावाच्या शेवटी 'अम्मा' आणि आधारवर 'बाई'. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर वेगळं, जन्मसाल वेगळं. आमच्या भागात हे घरोघरी आहे. तेलुगू नाव मराठी कारकुनाने ऐकून इंग्रजीत लिहिलं की असंच होणार. दुरुस्तीसाठी कामगार आणि मालक दोघांच्या सहीचं जॉइंट डिक्लरेशन लागलं. मालकाच्या त्या एका सहीसाठी आम्ही चार फेऱ्या मारल्या. बोटांचे ठसेही यंत्र घेईना, पत्ता हाताळून हाताळून रेषा पुसट झालेल्या. शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून ते काम झालं.

ही पीएफची पेन्शन (ईपीएस) कमीत कमी महिना १००० रुपये आहे, २०१४ पासून तेवढीच. एवढ्यासाठी इतकी धावाधाव, याचा मला राग आला. अजूनही येतो. पण अम्मा दर भेटीत आधी चटईवर जागा करून म्हणायच्या, "कूसो बिड्डा", म्हणजे बस बाळा. तिसऱ्या भेटीत त्यांनी मुलाबद्दल सांगितलं. माझ्या बत्तीस प्रश्नांत तो प्रश्न नव्हता. काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही.

घरच्यांना काळजी होती ती धर्माची. ती रास्त आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. मला कुणी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, बोलावलं नाही, कसलं पुस्तक दिलं नाही. आम्ही गेलो त्यातली बहुतेक घरं हिंदू आणि मुस्लिम होती. आठवड्याच्या बैठकीची सुरुवात प्रार्थनेने होते. मी नुसती शांत बसायचे, चालायचं. बैठकीच्या शेवटी एक कापडी थैली फिरते. प्रत्येकजण मूठ आत घालतो, कोण किती टाकतं ते शेजारच्यालाही दिसत नाही.

घरी जाऊन भेटायची ही पद्धत फ्रान्सची, हे काकांकडून कळलं. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली. गरीब वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंदू यांनी त्यांना वाट दाखवली. चर्चमध्ये प्रापंचिकांच्या कार्यावर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेचा) स्वतंत्र दस्तऐवज आला तो १९६५ साली, म्हणजे १३२ वर्षांनी. ओझानाम तेव्हा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता, हे डोक्यातून जात नाही.

आता उणिवा. सगळे नोकरदार, त्यामुळे काम संध्याकाळी सातनंतर आणि रविवारी. कॉलेजला मात्र दहा ते पाचचा हजेरी तक्ता हवा होता. तो जुळवताना माझे आणि मॅडमचे दोघींचे हाल झाले. स्टायपेंड नाही. रिक्षाचे पैसे मागितले की लगेच देतात, पण मागावे लागतात, आणि ते मला जड जायचं. आधीच सांगून टाकावं. जुन्या भेटींच्या नोंदी तीन वेगवेगळ्या वह्यांत आहेत. एका घरी मी आधीच दिलेली माहिती पुन्हा विचारली, त्या ताई गप्प झाल्या. मला फार वाईट वाटलं. जाण्याआधी मी एक वही नव्याने लावून दिली, ती वापरतात का ते बघायला हवं.

पाचपैकी चार देते. ऑफिसचा अनुभव, एक्सेल, बायोडेटात ठळक दिसेल असं काही हवं असेल तर इथे येऊ नका. तेलुगू किंवा कन्नड येत असेल तर नक्की या, त्यांना माणसं कमी पडतात. एप्रिलमध्येच भेटून ठेवा आणि कॉलेजकडून संध्याकाळचे तास मान्य असल्याचं पत्र आधी घ्या. बरोबर पाण्याची बाटली असू द्या, मे महिन्यात घरकुलात सावली नसते. अम्मांचा अर्ज पुढे गेलाय. पैसे जमा झालेले नाहीत. पुढच्या रविवारी मॅडमसोबत मीच जाणार आहे, तिथे पाण्याचा दिवस शनिवारी आहे.