'व्हाइट रायट' या गाण्यासाठी घेत असाल तर ब्रिटिश एलपीच घ्या

'द क्लॅश' या ब्रिटिश पंक रॉक बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम दोन रूपांत मिळतो: १९७७चा ब्रिटिश आणि १९७९चा अमेरिकन. माझ्याकडे दोन्ही आहेत. नव्याने घेणाऱ्याला मी ब्रिटिशच सांगेन, आणि तोही सीडी नाही, एलपी, म्हणजे मोठी तबकडी.

कारण मागचं कव्हर. ऑगस्ट १९७६मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलला दंगल झाली, तिथे धावून जाणाऱ्या पोलिसांचा फोटो त्यावर आहे. सीडीवर त्याचा जीवच जातो. १८२४च्या कायद्याचा आधार घेऊन नुसत्या संशयावरून काळ्या पोरांना उचलायचं, हा तेव्हा तिथल्या पोलिसांचा नेहमीचा खाक्या होता. कार्निव्हलला पोलिसांची फौज उतरवली आणि भडका उडाला. शंभरावर पोलीस जखमी झाले. गायक जो स्ट्रमर आणि बासवादक पॉल सिमोनन त्या गर्दीत होते. 'व्हाइट रायट' आलं ते तिथून.

नावाचा अर्थ 'गोऱ्यांची दंगल', त्यावरून काहींनी बँडला चक्क वर्णद्वेषी ठरवलं. गाण्यात आहे ते उलटंच: काळी माणसं दगड उचलतात आणि आम्ही गोरे मुकाट सांगितलं ते करतो, हा राग. मला त्यात रागापेक्षा असूया जास्त ऐकू येते. जरा भाबडीच. पोलीस ज्याला रोज अडवत नाहीत, त्यालाच दंगलीचा हेवा वाटणार! पण एप्रिल १९७८मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात, 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या वर्णद्वेषविरोधी चळवळीच्या मंचावर त्यांनी हेच गाणं वाजवलं, तेव्हा ते कोणाच्या बाजूचे, हे सांगायची गरज उरली नाही.

ब्रिटिश एलपीवर ते पहिल्या बाजूला चौथं आहे. 'वन टू थ्री फोर' मोजतात आणि दोन मिनिटांच्या आत खेळ खलास. अमेरिकन आवृत्तीत सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, निघालेलं सायरनवालं रूप घातलंय, ते मला नाटकी वाटतं. दुसऱ्या बाजूचं 'पोलीस अँड थीव्हज' लागोपाठ ऐकाच. मूळ जमैकन गायक ज्युनियर मर्विनचं रेगे, त्याच १९७६च्या उन्हाळ्यातलं. (श्रेयनामावलीत ड्रमर टेरी चाइम्सचं नाव 'टोरी क्राइम्स', म्हणजे 'हुजूर पक्षाचे गुन्हे', असं छापलंय, तेही बघा.)

पाचपैकी चार तारे. एक कापला तो याच अल्बममधल्या 'रिमोट कंट्रोल' गाण्यासाठी. कंपनीने ते बँडला न विचारता सिंगल म्हणून काढलं, त्या संतापातून त्यांनी 'कम्प्लीट कंट्रोल' रचलं. आणि ते नेमकं अमेरिकन आवृत्तीत आहे, म्हणून तीही मी विकलेली नाही.