राजदूत, येझदी की जीप? निवृत्तीच्या पैशात जुनी गाडी शोधणाऱ्या मित्रासाठी

मागच्या महिन्यात केजहून मित्राचा फोन आला. आयुष्यभर मास्तरकी करून नुकताच निवृत्त झालाय, पण आवाज थेट कॉलेजातला. "आरं, जुनी गाडी घ्यायचीय. आपल्या टायमाची. राजदूत घेऊ, येझदी घेऊ, का डायरेक जीपच घेऊ? तू सांग." मागून वहिनी म्हणाल्या, "त्यापेक्षा गोठ्यावर पत्रे टाका म्हणावं."

फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहून काढतोय. साठीच्या आसपासचे बरेच जण सध्या याच फेऱ्यात आहेत. मुलं पुण्याला, शेत बटईनं आणि ओसरीत बसलं की कानात जुनी फटफट.

बुलेट मी यात धरलेली नाही. चांगली नाही म्हणून नव्हे. उजव्या पायाला गियर, एक वर तीन खाली, अँपियरचा काटा बघत मारायची किक, हे सगळं मलाही आवडतं. पण बुलेट अजून जुनी झालेलीच नाही, आजही शोरूममध्ये उभी आहे. ती घ्यायला माझा सल्ला कशाला?

आता उरलेल्या तिघींची हजेरी. राजदूत 175 म्हणजे पोलंडच्या एसएचएल गाडीवरून एस्कॉर्ट्सनं फरिदाबादला बनवलेली, 173 सीसी, टू स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं इंजिन. धर्मेंद्रनं जाहिरात केली म्हणून शहरात खपली असेल. आपल्याकडे दुधाचे कॅन दोन्हीकडे लटकवता येतात म्हणून खपली. येझदी म्हैसूरच्या आयडियल जावाची, 250 सीसी, दोन सायलेन्सर, किक आणि गियरचा दांडा एकच. 1996 ला कारखाना बंद पडला. 2022 पासून त्याच नावाची नवी गाडी मिळते, पण ती फोर स्ट्रोक, पाण्यानं थंड होणारी. नाव तेच, घराणं वेगळं. आणि जीप म्हणजे महिंद्राची एमएम 540. मोठी बहीण कमांडर, जी काळी-पिवळी होऊन गावोगाव फिरली आणि जिच्यात ड्रायव्हरच्या उजव्या हातालाही एक पॅसेंजर बसायचा. 540 ला प्यूजोचं 2112 सीसी डिझेल इंजिन. सकाळी आधी इंजिनला हीटर द्यायचा, थोडं थांबायचं, मग चावी.

काळ्या रानात

शहरातली माणसं गाडीची परीक्षा हायवेवर घेतात. आपली परीक्षा आषाढ-श्रावणात, पाणंदीत.

माझ्या वडिलांकडे राजदूत होती. घर तेलगावच्या अलीकडं, आणि डांबर सोडल्यापासून वस्तीपर्यंत दीड किलोमीटर काळी माती. पाऊस पडून गेला की ती माती चाकाला लागत नाही, चाकावर चढते. मडगार्ड आणि टायरच्या मधे इतकी गच्च बसते की चाक फिरायचंच थांबतं. मग उतरायचं, बांधावरची तुऱ्हाटी मोडायची, चिखल कोरून काढायचा, पन्नास पावलं चालवायची, पुन्हा उतरायचं. वडील म्हणायचे, "गाडी आपल्याला नेत नाही, आपण गाडीला नेतोय." तरी राजदूतचं एक होतं: पुढचा तो आडव्या दांड्यांचा फोर्क खड्ड्यात आपटला तरी मनगटाला झटका बसू द्यायचा नाही, आणि खालच्या गियरमध्ये गाडी बैलासारखी ओढायची. पळायला नाही, ओढायलाच जन्माला आलेली.

येझदी रानात कमी पडते असं नाही, तीही ताकदीची. पण तिचा डौल रस्त्यावरचा आहे. त्या चकचकीत जोड सायलेन्सरला शेण-चिखल लागलेला बघवत नाही, हे माझं मत. आमच्या अंबाजोगाईच्या कॉलेजात येझदीवाला एकच होता आणि तो पावसाळ्यात एसटीनं यायचा.

जीपची गोष्ट निराळी. माझा मामा ऊसतोडीचा मुकादम. पावसाळ्यात कोयत्यांना, म्हणजे तोडणीच्या जोड्यांना, उचल (आगाऊ पैसे) वाटायला वस्त्या-तांड्यांवर हिंडायचा, आणि जिथं बैलगाडी रुतून बसायची तिथं त्याची जीप जायची. फोर व्हीलचा दांडा टाकला, लो गियर लावला की एक्सलेटरवर पाय नुसता ठेवायचा. ती घाई करत नाही. एक-एक फूट चिखल गिळत पलीकडे निघते. मला पहिल्यांदा स्टेअरिंग त्यानंच दिलं, एकोणिसाव्या वर्षी. स्टेअरिंगला चांगला वीतभर खेळ. मी सारखा डावीकडं-उजवीकडं करायला लागलो तेव्हा म्हणाला, "लेका, ती सरळच चाललीय, तूच वळवळ करतोस."

म्हणजे रानासाठी जीप, यात वादच नाही. प्रश्न असा, की मास्तर, तुझ्या रानात आता उरलंय काय? वस्तीपर्यंत सिमेंटचा रस्ता झालाय. वर्षातले पंधरा दिवस सोडले तर फोर व्हीलच्या दांड्याला तू हात लावणार नाहीस.

धारूरचा घाट

आता घाट. इथं टू स्ट्रोक आणि डिझेल यांच्यातला फरक जेवढा कळतो तेवढा दुसरीकडं कळत नाही.

टू स्ट्रोकला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं. लिटरला 40-50 मिली ऑइल टाकलं तर पिस्टन सुखी. मी एकदा टाकलं नाही. तेलगावला पेट्रोल घेतलं, ऑइलचे पैसे वाचवले. त्या पैशात अंबाजोगाईला पिक्चर बघायचा बेत होता आणि मागच्या सीटवर हाच मास्तर होता. घाटाच्या वरच्या वळणाआधी इंजिनचा आवाज कोरडा झाला आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये आवळून बसला, की क्लच दाबायचा असतो, हे मला त्या क्षणी ऐकीव म्हणून माहीत होतं. हातानं आपोआप केलं म्हणून आम्ही आज निवृत्तीच्या गप्पा मारतोय. अर्धा तास गाडी निववली. मास्तर खाली दरीकडं बघत शांतपणे म्हणाला, "पिक्चर कोणता होता पण?" किक मारली, इंजिन सुटलं. वडिलांना पुढच्या वर्षी कळलं, सिलिंडर बोर करताना मिस्त्रीनं आतल्या रेघा दाखवल्या तेव्हा.

उतारावरही टू स्ट्रोकची एक खोड आहे. एक्सलेटर बंद करून गियरमध्ये लांबलचक उतरलं की पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही, आणि इंजिन मात्र जोरात फिरत असतं. म्हणून जुने लोक उताराला मधूनमधून एक्सलेटरचा झटका द्यायचे. ती फुशारकी नव्हती, पिस्टनला पाणी पाजणं होतं. येझदीलाही हेच लागू. तिची मजा मात्र वेगळी: जुन्या 250 मध्ये गियरचा दांडा हलवला की क्लच आपला आपण सुटतो, डावा हात मोकळा. वळणावर डावा हात मांडीवर ठेवून गियर टाकणारा माणूस पाहिला की आम्हा राजदूतवाल्यांचा जीव जळायचा.

जीप घाट उतरते ती इंजिनच्या जोरावर. दुसरा गियर टाकला की ब्रेकला पाय लावायचं काम कमी. चढताना मागून एसटी हॉर्न मारत राहील, मारू द्यायचा. खालच्या गियरला डबल क्लच, म्हणजे दोनदा क्लच दाबून गियर टाकायला, मात्र शिकावं लागेल, नाहीतर दातांचा आवाज अख्ख्या घाटाला ऐकू जातो.

मिस्त्रीच्या दारात

माझ्या मते खरा निकाल इथं लागतो, आणि गाडी बघायला जाणारे नेमके इथंच चुकतात. गाडी घेण्याआधी मिस्त्री बघायचा.

टू स्ट्रोक जाणणारे हात आता साठीच्या पुढचे आहेत. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट पत्र्याच्या पट्टीनं मोजणारा, कंडेन्सर गेला हे ठिणगीच्या रंगावरून सांगणारा, येझदीच्या सायलेन्सरमधल्या नळ्या काढून जाळावर कार्बन उडवणारा माणूस तुझ्या तालुक्यात उरलाय का, आणि त्याचे डोळे शाबूत आहेत का, हे आधी विचारून ये. पोरं हुशार आहेत, पण त्यांना गाडीला मशीन जोडून दोष वाचायची सवय. राजदूतला मशीन जोडायला जागाच नाही. पार्ट मिळतात. दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअरनं येतात, येझदीचे तर ढिगानं, कारण तिचे शौकीन देशभर आहेत. पण त्याच शौकिनांनी येझदीचे भावही चढवून ठेवलेत. राजदूत अजून परसात, कडब्याच्या गंजीमागं उभी सापडते.

जीपचं उलट आहे. तिचा खास मिस्त्री शोधावा लागत नाही. आपल्याकडे गल्लीगणिक ट्रॅक्टर आहे, त्यामुळं डिझेल पंप-नोझल करणारा, स्प्रिंगचे पाटे भरणारा, लेथवर बुश घडवणारा प्रत्येक तालुक्याच्या गावी बसलेलाच असतो. बंद पडली तरी गावातला कोणीतरी बोनेटखाली डोकं घालणारच. खर्च मात्र पोत्यानं. टायर चार, पाटे चार, आणि गळती मोजायचीच नाही. जीपखाली तेलाचा डाग नसेल तर आधी तेल आहे का ते बघायचं, असं मामा म्हणायचा.

आता पेट्रोलची एक नवी भानगड. पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांची रबरी नळी, पेट्रोल कॉकचा वायसर, कार्बोरेटरचे ओरिंग यांना ते मानवत नाही, आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहिली तर ते हवेतलं पाणी ओढतं. म्हणून राजदूत किंवा येझदी घेतलीस तर नळ्या, वायसर नवे टाक आणि आठवड्यातून एकदा तरी फिरव. कव्हर घालून ठेवायची असेल तर घेऊच नकोस.

आरटीओ

हे कंटाळवाणं आहे, पण दम इथंच निघतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण, मग दर पाच वर्षांनी तेच, वर पर्यावरण कर. 2025 च्या ऑगस्टपासून वीस वर्षांपुढच्या दुचाकीला नूतनीकरणाचे 2,000 आणि जीप-कारला 10,000 रुपये. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेजची वेगळी नोंदणी मिळते, फी 20,000, पण ती गाडी रोज बाजाराला नेता येत नाही. मग आपल्या काय कामाची?

दुचाकीच्या बाबतीत बहुतेक अडचण एकच असते. आरसी बुक आजोबांच्या नावावर, आजोबा वारलेले, आणि नोंद कॉम्प्युटरवर चढलेलीच नाही. आधी वारसाच्या नावावर करायला लाव, मग पैसे दे. उलट क्रमानं गेलास तर केज ते आरटीओ इतकीच तुझी सहल.

जीपच्या बाबतीत डोळे दुप्पट उघडे ठेव. कोणी इंजिन बदललेलं असतं, कोणी कमांडर कापून 540 केलेली असते, कोणी रुंद टायर नि लोखंडी पाइप लावलेले असतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ बनावटीत असा बदल करू देत नाही. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घास आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. माझ्या ओळखीच्या एकानं हे केलं नाही. त्याची जीप तीन वर्षं झाली बांधावर उभी आहे, कोंबड्या अंडी घालतात तिच्यात.

मग घ्यायची कोणती?

आधी एक आडवी सूचना, जी तुला आवडणार नाही. एम-एटी. वाळूजला बजाजचा कारखाना 1985 ला सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी ही बाजारात आली. हातात गियर, पायाशी मोकळी जागा, त्या जागेत पेंडीचं पोतं, मागं कडबा, त्यावर पोरगं. आपण तिला हसायचो. पण आपल्या गावातला कोणता संसार एम-एटीनं ओढला नाही ते सांग. रोज शेतात जायचं असेल, किंमत कमी हवी असेल, तर ती. तिच्याबरोबर कोणी फोटो काढत नाही, एवढाच दोष.

येझदी तुझ्यासाठी नाही. जो आठ दिवसांतून एकदा फडकं घेऊन तिच्यासमोर तास-दोन तास बसेल, ज्याला आवाजासाठी गाडी हवी आहे, पैशाची घाई नाही, त्यानं घ्यावी. तू फडकं घेऊन बसणारा नाहीस; बत्तीस वर्षांत तू स्वतःचा फळा पुसला नाहीस.

जीप घ्यावी, जर वहिनी बसणार असतील, नातवंडं सुट्टीला येणार असतील, कपिलधार-परळी करायचं असेल आणि वर्षाला एक मोठा खर्च आला तर घरात भांडण होणार नसेल. कागद चोख असेल तरच. कागदात एक अक्षर जरी इकडचं तिकडं असलं तर चहा पिऊन परत ये.

आणि नुसता तू असशील, सकाळी धारूरपर्यंत जाऊन यायचं, वाटेत कोणी "मास्तर, ही अजून चालती का ओ?" म्हणून थांबवावं एवढीच हौस असेल, तर राजदूत. सहा व्होल्टचा दिवा आहे, इंजिन मंदावलं की तोही मंदावतो, म्हणून अंधाराच्या आत घरी. बघायला जाशील तेव्हा किक हातानं दाबून बघ, जोर लागला पाहिजे. प्लग काढून बघ. विटकरी तपकिरी असेल तर घ्यायला हरकत नाही, काळाकुट्ट ओला असेल तर भाव पाड, पांढराफटक असेल तर माझ्यासारख्या कोणीतरी ऑइलचे पैसे वाचवलेत असं समज.

घाटनांदूरकडं एक उभी आहे असं कळलंय. रविवारी सकाळी येतो. गोठ्याच्या पत्र्यांचं वहिनींशी मी बोलतो, प्लगपाना तू आण.