केनेडी हाफ डॉलर: 1964, 1970-डी, 2008 की 1998 चं मॅट?

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी यांचा चेहरा असलेले तिथले अर्ध्या डॉलरचे नाणे 1964 पासून निघते. ते जमवायला घेतलं की लगेच प्रश्न येतो: कुठलं नाणं पन्नास सेंटांचंच, आणि कुठल्यासाठी हात मोकळा सोडायचा? बहुतेक जण टांकसाळीचे आकडे उघडतात. नाणी जितकी कमी पाडली, तितका भाव जास्त, असा साधा हिशेब. या मालिकेत तो हिशेब फसतो.

1970 चं डेन्व्हरचं नाणं आणि 2008 चं फिलाडेल्फियाचं, ही दोन शेजारी ठेवा. पहिलं सुमारे 21.5 लाख पाडलं गेलं, दुसरं सुमारे 17 लाख. म्हणजे 2008 चं संख्येने कमी. तरीही ते चकचकीत अवस्थेत थोडक्या डॉलरांत मिळून जातं, आणि 1970-डी (डी म्हणजे डेन्व्हर) साठी मात्र त्यातल्या चांदीच्या किमतीच्या वर पैसे मोजावे लागतात.

1970-डी चलनात आलंच नाही. ते फक्त टांकसाळीच्या वार्षिक संचात, म्हणजे मिंट सेटमध्ये होतं. शिवाय 1965 पासून चालत आलेली 40 टक्के चांदीची नाणी त्याच वर्षी संपली. 1971 पासून क्लॅड नाणं आलं, म्हणजे तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचा थर असलेलं. ज्याला ही मालिका पूर्ण करायची आहे, त्याला हे नाणं घ्यावंच लागतं, आणि अशा लोकांची संख्या मोठी आहे. 2008 ची गोष्ट उलटी. 2002 पासून बरीच वर्षं टांकसाळ हे नाणं बँकांना न देता रोल आणि पिशव्यांमधून थेट संग्राहकांनाच विकत होती. जवळपास प्रत्येक नाणं जपणाऱ्याच्याच हाती गेलं. झीज नाही, हरवणं नाही, वितळवणं नाही. त्यामुळे आकडा लहान दिसला तरी बाजारात नाण्यांची टंचाई नाही. मला यातून एकच निष्कर्ष दिसतो: किती पाडली यापेक्षा आज किती उरली आणि किती जणांना हवी आहेत, हे विचारा.

1964 चं नाणं तिसऱ्याच गटातलं. 22 नोव्हेंबर 1963 ला केनेडींची हत्या झाली, 30 डिसेंबरला कायदा झाला आणि 24 मार्च 1964 ला नाणं लोकांच्या हाती आलं. लोकांनी ते आठवण म्हणून घरात ठेवलं. फिलाडेल्फियाने 27 कोटींवर आणि डेन्व्हरने 15 कोटींवर नाणी पाडली, त्यामुळे दुर्मिळतेचा प्रश्नच येत नाही. त्याची किंमत धातूत आहे: 12.5 ग्रॅम वजन, 90 टक्के चांदी, म्हणजे 11.25 ग्रॅम शुद्ध चांदी. पुढच्या 40 टक्केवाल्यांत ती 4.6 ग्रॅमच उरते. चांदीचा भाव चढला की 1964 चं नाणं चढतं, उतरला की उतरतं. ज्याला चांदी हवी आहे आणि जोडीला इतिहासही, त्याने हेच घ्यावं. मात्र विक्रेत्याने त्याला 'दुर्मिळ' म्हटलं तर त्या शब्दासाठी एक पैसाही देऊ नये. अपवाद म्हणजे 1964 च्या प्रूफमधला (प्रूफ म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेलं चकचकीत नाणं) 'अ‍ॅक्सेंटेड हेअर' प्रकार. त्यात कानावरच्या केसांच्या रेषा जास्त ठळक आहेत, आणि संग्राहक त्याला खरंच वेगळा भाव देतात.

संख्येने खरोखर कमी असलेलं हवं असेल, तर 1998 चं सॅन फ्रान्सिस्कोचं मॅट फिनिश नाणं. ते केनेडींचे भाऊ रॉबर्ट यांच्या चांदीच्या डॉलरबरोबर संचात विकलं गेलं आणि सुमारे 62 हजारच आहेत. धोका इथेच आहे. त्याच वर्षी, त्याच टांकसाळीने चांदीचं नेहमीचं प्रूफही काढलं, आणि चित्र, वर्ष, मिंटमार्क (टांकसाळीची खूण) सगळं सारखं. फरक फक्त पृष्ठभागाचा: नेहमीच्या प्रूफची पार्श्वभूमी आरशासारखी, मॅटची मऊ, चमक विझलेली. फोटोवरून हे ओळखणं कठीण, म्हणून हे नाणं मूळ पेटीत किंवा मान्यताप्राप्त ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाणं तपासून अवस्थेचे गुण देणाऱ्या कंपनीच्या, सीलबंद प्लास्टिकमध्येच घ्यावं.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते अवस्थेवर. नाण्याची अवस्था 1 ते 70 च्या मापावर मोजतात. केनेडींचा गाल आणि मान मोकळी, सपाट आहे. टांकसाळीच्या पिशवीत नाणी एकमेकांवर आदळली की ओरखडे तिथेच उठतात. म्हणून 65 ते 67 हा दोन गुणांचा फरक भाव कित्येक पटींनी वाढवतो. पण नवी नाणी सतत ग्रेडिंगला जातात आणि आजचं 'सर्वोत्तम' उद्या पाच जणांकडे असतं. क्लॅड नाण्यासाठी अशी मोठी रक्कम मोजणं मला पटत नाही. तीच रक्कम 1970-डी च्या 65 किंवा 66 वर लावणं जास्त शहाणपणाचं. आणि काहीही झालं तरी देवघरातल्या भांड्यांसारखी नाणी चिंच किंवा पावडर लावून घासायची नाहीत. घासलेलं नाणं अनुभवी माणूस लगेच ओळखतो आणि भाव खाली येतो.

अमेरिकेत असाल तर बँकेतून अर्ध्या डॉलरचे रोलही मागता येतात: वीस नाणी, दहा डॉलर. 1970 पर्यंतची वर्षं वेगळी काढा आणि कडा पाहा. क्लॅडच्या कडेला तांब्याची लाल पट्टी स्पष्ट दिसते, 1964 च्या कडेला नाही. 1982 चं फिलाडेल्फियाचं नाणं सापडलं तर ते उलटं करून गरुडाच्या पायाजवळ भिंगातून नीट बघा. साचा जास्त घासला गेल्याने काहींवर शिल्पकार फ्रँक गॅस्पारो यांची आद्याक्षरं उमटलेलीच नाहीत, आणि अशा नाण्याला पन्नास सेंटांहून जास्त किंमत मिळते.