२५ मिमीच्या नळीत के-एप्सिलॉन का नको: ओपनफोमच्या आठ महिन्यांच्या वापरानंतर

यवतमाळकडच्या एका खेड्यात, शेडमध्ये, फवारणीच्या मास्कचं कापड तपासायची नळी बसवली आहे. आतला व्यास २५ मिमी, लांबी मीटरभर. तोंडाशीच ६ मिमीच्या आडव्या तोटीतून ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं मिनिटाला ५ लिटर आत येतं, दुसऱ्या टोकाला कापड. तिथे पोचेस्तोवर कण सगळीकडे सारखे पसरतात का, एवढंच ओपनफोमला (हवा-पाण्याचा प्रवाह संगणकावर सोडवणारं मोफत सॉफ्टवेअर) विचारायचं होतं. नळीतून मिनिटाला एकूण ३० किंवा ६० लिटर हवा जाते.

आधी रेनॉल्ड्स आकडा (प्रवाह शांत की खळबळीचा, ते सांगणारा) काढा, आणि तो त्या दिवसाच्या तापमानाचा. एकूण ६० लिटर प्रति मिनिट म्हणजे वेग सेकंदाला २ मीटर. २५ अंशाला आकडा ३,२७०च्या आसपास येतो. मे महिन्यात शेड ४५ अंशांवर गेली की तोच २,९००. हा शांत (लॅमिनार) आणि खळबळीचा (टर्ब्युलंट) यांच्या मधला अर्धवट प्रदेश, सगळ्यात त्रासाचा. ३० लिटरला मात्र उघड लॅमिनार.

के-एप्सिलॉन हे खळबळीचं नेहमीचं मॉडेल पटकन जुळतं, चित्रातले रंगही छान एकजीव दिसतात, आणि नेमकं तेच खोटं असतं. त्यातल्या वॉल फंक्शनला (भिंतीजवळचा वेग अंदाजाने भरणारं सूत्र) पहिल्या सेलचा, म्हणजे हिशेबाच्या जाळीतल्या (मेशमधल्या) भिंतीलगतच्या घराचा, मध्य वाय-प्लस (भिंतीपासूनचं एककरहित अंतर) ३०वर लागतो. ६० लिटरला ते अंतर होतं जवळपास साडेतीन मिमी, आणि नळीची त्रिज्या साडेबारा! त्यात हे मॉडेल प्रवाह पूर्ण टर्ब्युलंट धरून चालतं, म्हणून मिश्रण फुकटात होतं. ६० लिटरला के-ओमेगा एसएसटी हे भिंतीपर्यंत सोडवता येणारं मॉडेल घ्या, पहिल्या सेलचा मध्य भिंतीपासून ०.१ मिमीवर ठेवा. तेही थोडं आशावादीच आहे, पण चालतं.

३० लिटरला टर्ब्युलन्स बंद. सिम्पलफोमचे (ओपनफोममधला स्थिर प्रवाहाचा सॉल्व्हर) रेसिड्युअल, म्हणजे उरलेली चूक, वरखाली नाचत राहिले तर मेशला दोष देऊ नका. तोटीतून हवा सेकंदाला ३ मीटर वेगाने येते, नळीतली जेमतेम १ मीटरने. झोत समोरच्या भिंतीवर आदळून हलतो. वेळेप्रमाणे बदलणाऱ्या प्रवाहाचा पिम्पलफोम वापरा, कूरांट आकडा (एका टाइमस्टेपमध्ये हवा किती सेल ओलांडते) ०.८, आणि नळीतली सगळी हवा दोनदा बदलून गेल्यावरच सरासरी घ्यायला लागा.

खरी चोरी स्कीममध्ये, म्हणजे एका सेलमधून दुसऱ्यात काय वाहून गेलं ते मोजायच्या पद्धतीत. १ मायक्रॉन कणाचं डिफ्युजन (आपोआप पसरणं) सेकंदाला २.७ × १०⁻¹¹ चौरस मीटर. अर्ध्या मिमीच्या मेशवर पहिल्या दर्जाची अपविंड स्कीम (प्रवाह जिकडून येतो तिकडच्या सेलचीच किंमत घेणारी), प्रवाह तिरका असेल तिथे, त्याच्या कोटीभर पट खोटं डिफ्युजन घुसवते. कण लग्रांजियन पद्धतीने, म्हणजे एकेकाचा माग काढत, सोडले की ही भानगड मिटते.

हिशेब चालू असताना लाइट जाणारच. कंट्रोलडिक्टमध्ये (ओपनफोमची सेटिंगची फाइल) स्टार्टफ्रॉम लेटेस्टटाइम, म्हणजे शेवटच्या जतन वेळेपासून सुरुवात, आणि पर्जराइट ३, म्हणजे शेवटची तीनच फोल्डरं ठेवणं. एकच ठेवलं आणि लिहिताना लाइट गेली तर नुसतं अर्धवट फोल्डर हाती उरू शकतं. तीन असली की अर्धवट तेवढं प्रत्येक प्रोसेसर फोल्डरातून (हिशेब वाटून घेणाऱ्या प्रत्येक कोअरचं एक) पुसा, मग मागच्या वेळेपासून चालू करा.

कणाचा व्यास मात्र ऋतूप्रमाणे बदला. उन्हाळ्यात १० मायक्रॉनचा थेंब सुकून ३ मायक्रॉनवर येतो, ३० लिटरला नळीतल्या एका सेकंदात अर्धा मिमी खाली बसतो. श्रावणात नळीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर असली की मीठ सगळं पाणी सोडत नाही. थेंब १० मायक्रॉनचाच राहिला तर तेवढ्याच वेळात ३ मिमी. आणि कोरड्या हवेत पीव्हीसीची नळी स्वतःच भारित होऊन कण ओढते. हे तर यातलं कुठलंच मॉडेल दाखवत नाही, तिथे अर्थिंग केलेली धातूची नळीच लावावी लागते.