व्हॉट्सॲप, सिग्नल की टेलिग्राम: कोर्टातल्या हजेरीवरून निवड

चॅटसाठी कोणतं ॲप घ्यावं असं विचारलं की बहुतेक जण स्टिकर, कॉलचा आवाज आणि ग्रुपमध्ये किती माणसं मावतात यावर बोलतात. माझा निकष जरा रूक्ष आहे. पोलीस किंवा सरकार हुकूम घेऊन दारात उभं राहिलं, तेव्हा कंपनीने काय काढून दिलं? जाहिरातीत सगळेच तुमच्या खासगीपणाचे कैवारी असतात. कोर्टात मात्र तिजोरीत काय आहे ते सांगावंच लागतं.

सिग्नलची तिजोरी २०१६ मध्ये उघडली गेली. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका ग्रँड ज्युरीच्या (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) चौकशीत समन्स आलं आणि त्यात खातेदाराची मिळेल तेवढी माहिती मागितली होती. शिवाय समन्स आल्याचं कुणाला सांगायचं नाही, असाही हुकूम होता. तो एसीएलयू या नागरी हक्क संघटनेच्या मदतीने बराचसा उठवून घेतला, म्हणून आज ते कागद वाचता येतात. सिग्नलने दिलं काय, तर खातं कधी उघडलं आणि सर्व्हरशी शेवटचं कधी जोडलं गेलं. लपवाछपवी काही नव्हती, जवळ होतंच तेवढं. मला या क्षेत्रातली ही सगळ्यात बोलकी केस वाटते, कारण यात कंपनीच्या शौर्यावर काहीच अवलंबून नव्हतं. उद्या मालक बदलला, भित्रा निघाला, तरी जे साठवलंच नाही ते तो देणार कुठून?

व्हॉट्सॲपचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे आणि बहुतेकांना शेवटी तेच वापरायचं असतं, म्हणून त्यावर जरा जास्त बोलतो. एप्रिल २०१६ पासून तिथल्या सगळ्या संदेशांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाही, कंपनीलाही, ते वाचता येत नाहीत. हे सिग्नलच्याच प्रोटोकॉलवर, म्हणजे त्याच्याच कुलपाच्या पद्धतीवर चालतं. म्हणजे मजकुरापुरतं पाहिलं तर दोन्हींचं कुलूप एकाच कारागिराचं. फरक पाकिटावर आहे. आतलं पत्र व्हॉट्सॲपला वाचता येत नाही, पण कुणी कुणाला, कधी, कितीदा पाठवलं हे कंपनीला कळू शकतं आणि कायदेशीर हुकूम आला तर त्यातलं काही द्यावंही लागतं. ज्याची ओळख झाकायची आहे, अशा माणसासाठी पाकीटच पुरेसं घातक ठरतं.

लढायच्या बाबतीत मात्र व्हॉट्सॲपला कमी लेखू नये. भारताच्या २०२१ च्या आयटी नियमांत अशी तरतूद आली की मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना हुकूम मिळाल्यावर एखादा संदेश सर्वांत आधी कुणी पाठवला ते सांगता आलं पाहिजे. मे २०२१ मध्ये व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. म्हणणं साधं होतं: उद्या कोणत्या संदेशाबद्दल विचारणा होईल ते आज माहीत नसतं, मग एकाचा उगम सांगण्यासाठी सगळ्यांच्याच संदेशांचा माग ठेवावा लागेल. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीच्या वकिलाने कोर्टात इथवर सांगितलं की एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर व्हॉट्सॲप इथून जाईल. फोनमध्ये शिरून पाळत ठेवणारं पेगॅसस हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एनएसओ या इस्रायली कंपनीला व्हॉट्सॲपने २०१९ मध्ये अमेरिकेत कोर्टात खेचलं. सुमारे १४०० फोनना लक्ष्य केल्याचा तो आरोप होता. एनएसओ दोषी ठरली. ज्युरीने मे २०२५ मध्ये ठरवलेली १६ कोटी डॉलरच्या वरची भरपाई न्यायाधीशांनी पुढे बरीच खाली आणली, पण व्हॉट्सॲपला लक्ष्य करायला कायमची मनाईही घातली.

याच कंपनीच्या २०२१ च्या खासगीपणाच्या धोरणावरून भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तिची मालक कंपनी मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सरकारपासून तुम्हाला वाचवणारा आणि तुमची माहिती स्वतःच्या धंद्याला जोडू पाहणारा, एकच. दोन्ही खरं आहे.

आणखी एक गळकी जागा आहे बॅकअपची. क्लाउडवरच्या बॅकअपला एन्क्रिप्शन देण्याची सोय २०२१ मध्ये आली, पण ती आपण होऊन चालू करावी लागते. तुम्ही केली आणि समोरच्याने केली नाही, तर तुमचं संभाषण त्याच्या बॅकअपमध्ये उघडंच.

टेलिग्रामबद्दल लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. बंडखोर अशी त्याची ख्याती आहे आणि ती फुकटची नाही. रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेने एन्क्रिप्शन उघडायच्या चाव्या मागितल्या, टेलिग्रामने नकार दिला, आणि एप्रिल २०१८ पासून जून २०२० पर्यंत तिथे त्यावर बंदी होती. ती राबवताना ॲमेझॉन आणि गूगलचे लाखो आयपी पत्ते (इंटरनेटवरच्या जोडणीचे क्रमांक) अडवले गेले, भलत्याच सेवा कोलमडल्या आणि टेलिग्राम मात्र बऱ्यापैकी चालत राहिलं. पण तिथल्या नेहमीच्या चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतातच. त्यासाठी ‘सीक्रेट चॅट’ वेगळी सुरू करावी लागते, तीही दोघांपुरतीच. ग्रुपला ती सोय नाही. म्हणजे मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर, चाव्याही कंपनीकडे, आणि तुमचा सगळा भरवसा मालकाच्या ताठ कण्यावर. ऑगस्ट २०२४ मध्ये हा मालक, म्हणजे टेलिग्रामचा संस्थापक पावेल दुरोव्ह, याला पॅरिसजवळच्या ल बुर्झे विमानतळावर अटक झाली. पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं की वैध कायदेशीर मागणी आली तर नियम मोडणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते दिले जातील. गुन्हेगारांना आसरा देऊ नये हे मान्यच, पण एका अटकेनंतर धोरण बदलतं हे निवड करताना लक्षात ठेवायला हवं.

गंमत अशी की एन्क्रिप्शनच्या बाजूने आलेल्या ठाम निकालांपैकी एक टेलिग्रामच्याच वापरकर्त्याने मिळवला. पोदचासोव्ह विरुद्ध रशिया या खटल्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये म्हटलं, की काहींचा माग काढण्यासाठी सगळ्यांचंच एन्क्रिप्शन कमकुवत करायला लावणं लोकशाही समाजात समर्थनीय नाही. वाद होता तो अर्थात सीक्रेट चॅटचा.

मग घ्यावं काय? पत्रकार, वकील, कार्यकर्ते, किंवा ज्यांच्याशी कुणी विश्वासाने बोलतं अशा कुणीही सिग्नल. नोंदणीला फोन नंबर अजून लागतो, पण फेब्रुवारी २०२४ पासून युजरनेम ठेवून तो समोरच्यापासून लपवता येतो. सिग्नल देणग्यांवर चालतं, म्हणून जमत असेल तर थोडे पैसे द्यावेत. ऑगस्ट २०२४ मध्ये रशिया आणि व्हेनेझुएलाने ते अडवलं, म्हणून जिथे बंदीचा धोका आहे तिथे ॲप आणि प्रॉक्सीची (बंदी चुकवून जोडणाऱ्या मधल्या सर्व्हरची) सोय आधीच करून ठेवावी. हजारो लोकांपर्यंत उघडपणे पोहोचायचं असेल तर टेलिग्रामचं चॅनल उत्तम. फलकावर लिहितोय असं समजून लिहावं. घर, सोसायटी, नातेवाईक यांच्यासाठी व्हॉट्सॲप सोडायची मला गरज वाटत नाही. सगळी माणसं तिथेच आहेत. फक्त आजच बॅकअपचं एन्क्रिप्शन चालू करा आणि नेहमीच्या चार माणसांनाही करायला लावा.

आणि सिग्नल घेतलंत तर ग्रुपमध्ये कोण आहे ते एकदा नीट वाचा. मार्च २०२५ मध्ये येमेनवरच्या हल्ल्याची चर्चा करणाऱ्या बड्या अमेरिकी अधिकाऱ्यांच्या सिग्नल ग्रुपमध्ये ‘द अटलांटिक’चा संपादक चुकून घेतला गेला होता. एन्क्रिप्शन तेव्हाही चोख चालू होतं.